विश्लेषण : शेकडो अर्ज पाठवूनही नोकरीसाठी फोन का येत नाही? गर्दीत उठून दिसायचे तरी कसे?

पदवीचा निकाल हाती येतो, मोबाइलवर नोकरीची दोन-तीन ॲप येतात आणि रोज तीस-चाळीस ठिकाणी अर्ज जाऊ लागतात. महिना उलटतो, दोन महिने उलटतात, फोन काही येत नाही. आलाच तर ‘नोंदणी शुल्क’ मागणाऱ्याचा येतो. मग घरात कुजबुज सुरू होते आणि मुलाला किंवा मुलीला वाटू लागते, की आपल्यातच काही कमी आहे. अनेकदा कमी असते ती पात्रता नव्हे; ती पात्रता समोरच्याला दिसेल अशी मांडलेली नसते.

एवढे अर्ज करूनही उत्तर का येत नाही?

पूर्वी एक अर्ज करायचा म्हणजे तो टाइप करून घ्या, प्रती साक्षांकित करा, पाकिटावर तिकीट लावा, असा व्याप असे. त्यामुळे माणूस अर्ज करण्याआधी दोनदा विचार करी. आता अर्ज एका बोटावर आला आहे. एकच बायोडेटा लेखा सहायकाच्या जागेसाठी जातो, कॉल सेंटरसाठी जातो आणि गोदामातील पर्यवेक्षकासाठीही जातो. सगळेच असे करतात, म्हणून कंपनीकडे अर्जांचा ढीग पडतो आणि त्यातला प्रत्येक अर्ज वाचणे कोणालाच शक्य होत नाही.

मोठ्या कंपन्यांत हा ढीग आधी संगणकप्रणाली चाळते. जाहिरातीतील कौशल्यांचे शब्द बायोडेटात आहेत का, हे ती पाहते. दोन रकाने, चौकटी, चित्रे, रंगीत पट्ट्या असलेल्या नमुन्यांतील मजकूर अशा प्रणालीला काही वेळा नीट वाचता येत नाही. छोट्या कारखान्यात किंवा दुकानात अशी प्रणाली नसते. तिथे मालक किंवा व्यवस्थापक कामाच्या धबडग्यात मोबाइलवरच बायोडेटा उघडतो. दोन्हीकडे प्रश्न एकच असतो : आमचे हे काम या व्यक्तीला जमेल का? त्याचे उत्तर पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात मिळाले नाही, तर खाली जाण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या अर्जांची भर पडली आहे. ‘मेहनती’, ‘जिद्दी’, ‘संघभावनेने काम करणारा’ ही विशेषणे प्रत्येकाच्या अर्जात असतील, तर ती कोणाचीच ओळख राहत नाहीत. शुद्धलेखन तपासायला, जाहिरात समजून घ्यायला या साधनांची मदत जरूर घ्यावी. आपण काय काम केले, हे मात्र आपणच सांगावे लागते.

भरती करणारा नेमके काय शोधतो?

फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये कर्मचारी निवडीवरील ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. उमेदवार पुढे काम कसे करील, याचा अंदाज कशावरून चांगला बांधता येतो, हा त्यांचा प्रश्न होता. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणे आणि सर्वांना तेच ठरावीक प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत, ही साधने त्यांच्या यादीत वरच्या स्थानी होती. नुसती अनुभवाची वर्षे मोजून बांधलेला अंदाज त्या मानाने बराच कच्चा ठरला. पुढे २०२२ मध्ये या निष्कर्षांची फेरतपासणी झाली, त्यात आकडे खाली आले. पण ठरावीक प्रश्नांची मुलाखत आघाडीवरच राहिली.

नवख्या उमेदवारासाठी यात दिलासा आहे. ‘अनुभव किती वर्षे?’ या प्रश्नाला उत्तर नसले, तरी ‘हे काम करून दाखवा’ याला उत्तर देता येते. उठून दिसणे म्हणजे वेगळा फॉन्ट आणि सुटाबुटातला फोटो नव्हे. आपल्या कामाचा पुरावा समोर ठेवणे हेच खरे उठून दिसणे.

मग बायोडेटा कसा असावा?

नवख्याचा बायोडेटा एक पानाचा पुरे. वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, उंची-वजन हा तपशील लग्नाच्या बायोडेटात शोभतो. नोकरीच्या अर्जात त्याचे काम नाही. आधार आणि पॅन क्रमांक तर मुळीच देऊ नयेत. तो बायोडेटा पुढे कोणाकोणाच्या हाती जाईल, हे आपल्याला ठाऊक नसते. नाव, गाव, चालू मोबाइल क्रमांक आणि स्वतःच्या नावाचा ई-मेल एवढे पुरते. फाइल पीडीएफ असावी आणि तिच्या नावात आपले नाव व पद असावे. ‘न्यू रेझ्युमे फायनल २’ अशा नावाची फाइल ढिगात पुन्हा सापडत नाही.

खरा फरक पडतो तो ओळींमध्ये. समजा, लातूरची एक बीकॉम झालेली मुलगी पुण्यात लेखा सहायकाच्या जागेसाठी अर्ज करते आहे. ‘टॅली आणि एक्सेल येते’ असे लिहिले, तर ती शंभरांतली एक होते. तिने मामांच्या कृषी सेवा केंद्रात खरोखरच हात लावला असेल, तर तेच असे लिहिता येते : ‘कृषी सेवा केंद्राची वर्षभराची खरेदी-विक्रीची बिले टॅलीत भरली, उधारीची यादी दर महिन्याला एक्सेलमध्ये तयार केली, जीएसटी विवरणपत्रासाठी लागणारा तपशील करसल्लागाराला वेळेवर काढून दिला.’ वाचणाऱ्याला यातून तीन गोष्टी कळतात : काम कोणते, साधन कोणते आणि जबाबदारी किती.

घरच्या दुकानातले, गणेश मंडळाच्या हिशेबातले, महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनातले काम ‘ते काय सांगायचे’ म्हणून आपल्याकडे वगळले जाते. ते सांगावे. मात्र केले तेवढेच सांगावे. खोटी ओळ मुलाखतीतल्या दुसऱ्या प्रश्नाला उघडी पडते.

अनुभवच नसेल तर सुरुवात कुठून करायची?

‘उमेदवारी करणे’ हा शब्दप्रयोग मराठीत जुना आहे. एखाद्याच्या हाताखाली राहून काम शिकायचे, असा त्याचा अर्थ. त्याला कायद्याचा आधार आहे तो शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ चा. २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना २.५ ते १५ टक्के या प्रमाणात शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चाकण, वाळूज, बुटीबोरी, सातपूर अशा औद्योगिक वसाहतींत आयटीआय, पदविका आणि पदवीधारकांसाठी ही दारे आहेत. त्यासाठी ॲप्रेंटिसशिप इंडिया आणि ‘नॅट्स’ या सरकारी संकेतस्थळांवर नोंदणी करता येते.

राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तीत बारावी उत्तीर्णांना ६ हजार, आयटीआय व पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये मासिक विद्यावेतन ठरवण्यात आले. मात्र प्रशिक्षण म्हणजे नोकरीची हमी नव्हे. मुदत संपल्यावर कायम करण्याच्या मागणीसाठी प्रशिक्षणार्थींना आंदोलन करावे लागले, हे विसरता येणार नाही. म्हणून अशा संधीत पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी : आज कोणते काम केले, कोणते यंत्र किंवा प्रणाली हाताळली. बाहेर पडताना केलेल्या कामाचा स्पष्ट उल्लेख असलेले प्रमाणपत्र घ्यावे आणि वरिष्ठांकडून संदर्भ देण्याची संमती मागावी. ‘प्रशिक्षण पूर्ण केले’ एवढीच ओळ असलेला कागद पुढच्या दारात फारसा उपयोगी पडत नाही.

ओळखीने नोकरी म्हणजे वशिलाच का?

नाही. पात्र नसलेल्याला आत ढकलणे हा वशिला. जागा रिकामी असल्याची खबर मिळणे ही माहिती. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती खबर रोज भेटणाऱ्यांकडून नव्हे, तर अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून मिळाली होती. कारण सरळ आहे. आपल्या जिवलग मित्राला जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक वापरकर्त्यांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही दूरच्या ओळखी नोकरीसाठी अधिक उपयोगी दिसल्या. अगदीच नावापुरत्या ओळखींचा उपयोग मात्र मर्यादित होता.

म्हणजे करायचे काय? दोन वर्षे पुढे असलेले महाविद्यालयातील दादा-ताई, आयटीआयचे शिक्षक, गावातून शहरात गेलेला शेजाऱ्यांचा मुलगा यांना संदेश पाठवावा. ‘सर, कुठेतरी लावून द्या’ असे लिहिले, की समोरचा अवघडतो. त्याऐवजी असे लिहावे : ‘नमस्कार दादा, मी २०२५ ला मेकॅनिकल पदविका पूर्ण केली. गुणवत्ता तपासणीत सहा महिने शिकाऊ म्हणून काम केले. तुमच्या कंपनीत या विभागात भरती कशी होते, हे दहा मिनिटे फोनवर सांगाल का?’ माहिती मागितली की माणूस बोलतो. पुढे जागा निघाली, की त्याला आपली आठवणही राहते.

मुलाखतीत मराठी माध्यमाच्या उमेदवाराने काय करावे?

इंग्रजीची भीती खरी आहे, तिला हसण्यात अर्थ नाही. पण ग्राहकांशी इंग्रजीत बोलण्याचे काम वगळले, तर बहुतेक ठिकाणी अलंकारिक भाषेची गरज नसते. मुद्दा कळला म्हणजे झाले. तयारीसाठी स्वतःच्या आयुष्यातले चार प्रसंग निवडावेत : एक अडचण सोडवली तो, एक चूक झाली व ती निस्तरली तो, दुसऱ्यांबरोबर मिळून काम केले तो आणि एखादी गोष्ट नव्याने शिकलो तो. प्रत्येक प्रसंग चार वाक्यांत बसवावा : परिस्थिती काय होती, माझ्यावर काय काम होते, मी काय केले, शेवटी काय झाले. आधी मराठीत, मग साध्या इंग्रजीत तो मोठ्याने बोलावा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकावा. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकवत नाही. पाचव्यांदा अडखळणे कमी झालेले दिसते.

प्रश्न समजला नाही, तर पुन्हा विचारावा. येत नसेल, तर ‘हे मी अजून केलेले नाही, पण याच्या जवळचे हे काम केले आहे’ असे सांगावे. शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे?’ असे म्हटल्यावर गप्प बसू नये. पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा असेल, एवढा एक प्रश्न पुरतो.

नोकरी खरी आहे, हे कसे ओळखावे?

कंपनी जशी उमेदवाराला तपासते, तसे उमेदवारानेही कंपनीला तपासावे. नोकरी देण्यासाठी नोंदणी, गणवेश, लॅपटॉप किंवा प्रशिक्षणाच्या नावाखाली पैसे मागितले, की तिथेच थांबावे. कंपनीचे नाव कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोधता येते. परदेशातील नोकरी असेल, तर दलाल ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे का, हे पाहिल्याशिवाय पासपोर्ट हाती देऊ नये. नोकरीच्या आमिषाने नेऊन म्यानमारमधील सायबर फसवणुकीच्या केंद्रांत डांबलेल्या ५०० हून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता तातडीने १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

पगाराचा आकडाही नीट समजून घ्यावा. ‘सीटीसी’ म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. त्यात भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद, कामगिरीवर मिळणारी रक्कम असे बरेच काही असू शकते. ‘महिन्याला खात्यात किती जमा होतील?’ असे सरळ विचारण्यात गैर काही नाही. नियुक्तीपत्रही मागून घ्यावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी ते देणे बंधनकारक केले आहे.

सगळा भार उमेदवारावरच का?

हा प्रश्न रास्त आहे. बायोडेटा कितीही नेटका असला, तरी नसलेली जागा निर्माण होत नाही. जाहिरातीत पगार न सांगणे, चार फेऱ्या घेऊन साधा नकारही न कळवणे, ‘फ्रेशर’ म्हणून जाहिरात देऊन दोन वर्षांचा अनुभव मागणे, या सवयी कंपन्यांनी सोडायला हव्यात. महाविद्यालयांतील प्लेसमेंट कक्षांनी वर्षातून एक मेळावा भरवून हात झटकू नयेत. अंतिम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती कामाचा एक तरी पुरावा असेल, हे पाहणे ही त्यांची जबाबदारी आहे. पण या सुधारणा होईपर्यंत आजच्या उमेदवाराने थांबून राहायचे कसे?

म्हणून जे आपल्या हातात आहे तेवढे करावे. आठवड्याला दोनशे अर्जांऐवजी दहाच करावेत. पण प्रत्येक जाहिरात वाचून, त्यानुसार बायोडेट्याच्या वरच्या चार ओळी बदलून. तीन दूरच्या ओळखींना संदेश पाठवावा. दाखवता येईल असे एक छोटे काम पूर्ण करावे. कुठे, कधी, कोणता बायोडेटा पाठवला, हे वहीत नोंदवावे. आठ-दहा दिवसांनी एकदा विनम्र चौकशी करावी. अर्ज गेले पण फोन आले नाहीत, तर बायोडेटा तपासावा. फोन येऊनही निवड होत नसेल, तर मुलाखतीची तयारी. दोष कुठे आहे हे वहीने दाखवले, की ‘माझ्यातच काही कमी आहे’ ही घालमेल बरीच कमी होते आणि पुढचा अर्ज अधिक शांत डोक्याने लिहिला जातो.