२०० गोळ्या, ० फेल

आधीच सांगून टाकतो. माझ्याकडे पिस्तूल नाही, घ्यायची इच्छाही नाही, त्यामुळे आईने हा लेख वाचला तरी चालेल. पण डॅलसमध्ये राहून बंदुकांचा विषय टाळणं म्हणजे पुण्यात राहून पार्किंगचा विषय टाळण्यासारखं आहे. जेवताना कुणीतरी काढतोच.

परवा आमच्या टेस्टिंगवाल्याने काढला. बायको नर्स, तिची नाइट शिफ्ट, घरात दोन लहान मुलं आणि मागच्या वर्षी शेजारी झालेली चोरी. त्याने पिस्तूल घेतलं. स्वसंरक्षणासाठी म्हणून मिळतात ती महागडी हॉलो पॉइंट काडतुसं आणली, म्हणजे ज्यातली गोळी पुढून पोकळ असते आणि अंगात शिरल्यावर उमलते. २०० झाडली, एकही अडकलं नाही. एक्सेल शीट तयार! "झीरो फेल्युअर्स, म्हणजे रिलायेबल," साहेब म्हणाले.

हा तोच माणूस, जो मी "माझ्या मशीनवर चालतंय" म्हटलं की माझ्याकडे दयेने बघतो. त्यामुळे संधी सोडायची नव्हती.

समजा शंभरातलं एक काडतूस दगा देणारं आहे. टोपी फुटत नाही, किंवा गोळीचं पोकळ तोंड चेंबरमध्ये जाताना अडकतं, काहीही. तरीसुद्धा २०० सलग नीट जाण्याची शक्यता १३ टक्के उरते. म्हणजे असं काडतूस घेऊन साताठ जणांनी हीच टेस्ट केली, तर त्यातला एक जण हीच शीट घेऊन जेवायला येणार. संख्याशास्त्रात यासाठी सोपा नियम आहे: एकही फेल न होता जितक्या चाचण्या झाल्या, त्या संख्येने ३ ला भागा. ३ भागिले २०० म्हणजे दीड टक्का. ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की फेल होण्याचं प्रमाण दीड टक्क्याहून जास्त नाही. हजारात एक असा दावा करायचा तर ३००० गोळ्या बिनचूक जायला हव्यात. एका काडतुसाला डॉलरभर धरला तरी पिस्तुलाच्या कितीतरी पट खर्च. शिवाय ३००० गोळ्यांनंतर पिस्तूल तरी तेच कुठे राहतं, स्प्रिंग थोडी तरी थकलेली असणारच.

आणि हा झाला फक्त 'उडेल का' हा प्रश्न. उडाल्यावर काम होईल का, हा वेगळाच. त्यासाठी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल.

११ एप्रिल १९८६. मायामीच्या दक्षिणेला एका उपनगरात एफबीआयच्या आठ एजंटांनी बँक लुटणाऱ्या दोघांची गाडी अडवली. चकमकीच्या सुरुवातीलाच जेरी डव्ह या एजंटची ९ मिलिमीटरची गोळी मायकेल प्लॅट नावाच्या दरोडेखोराला लागली. दंडातून आरपार, मग छातीत, फुप्फुस फाडून हृदयाच्या साधारण इंचभर आधी थांबली. जखम जीवघेणीच होती, पण प्लॅट लगेच पडला नाही. तो लढत राहिला. त्यानंतर डव्ह आणि बेन ग्रोगन हे दोघे एजंट मारले गेले, आणखी पाच जखमी झाले.

गोळी फेल झाली का? माझ्या मते नाही. पटकन उमलायचं म्हणून बनवलेली गोळी पटकन उमलली आणि थांबली. प्रोग्रॅम स्पेसिफिकेशनप्रमाणे चालला. स्पेसिफिकेशनमध्ये आडवा येणारा दंड कुणी लिहिलाच नव्हता! १९८७ मध्ये एफबीआयने तज्ज्ञ बोलावले आणि मग रिक्वायरमेंट बदलली: गोळी किमान १२ इंच आत गेलीच पाहिजे. त्यातून जी चाचणी आली ती आजही वापरात आहे. १० टक्के जिलेटिनचा ठोकळा, आणि त्याच्यापुढे कधी जाड कपडे, कधी प्लायवूड, कधी गाडीचा पत्रा, कधी गाडीची काच. जिलेटिन नीट जमलंय की नाही हे बघायलाही आधी त्यात एक छोटा छर्रा मारतात. टेस्टच्या उपकरणाचीच टेस्ट, मला हे फार आवडलं.

ही चाचणी मला प्रामाणिक वाटते, कारण 'माणूस पडेल' असं ती म्हणतच नाही. किती खोल गेली, किती उमलली, बस्स. याउलट १९९२ मध्ये मार्शल आणि सॅनो यांच्या पुस्तकाने 'एका गोळीत काम' असे टक्के छापले आणि ते लोकांना भारी आवडले. आता गंमत बघा, त्या हिशोबातून एकाहून जास्त गोळ्या लागल्याची प्रकरणं वगळलेली होती. अहो, पहिलीने भागलं नाही म्हणूनच तर माणूस दुसरी झाडतो ना! रीस्टार्ट करावे लागलेले सर्व्हर वगळून अपटाइम काढण्यातला प्रकार.

(जाता जाता: उमलणाऱ्या गोळ्यांना 'दमदम' म्हणतात ते कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यामुळे. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने असल्या गोळ्या युद्धात वापरायला बंदी घातली. पोलिसांना आणि घरगुती वापराला ती लागू नाही.)

असो. माझं भाषण टेस्टिंगवाल्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मग काय करू? सगळीच झाडून बघू?" मुद्दा बिनतोड होता. काडतूस एकदाच तपासता येतं आणि तपासलं की संपतं. पिस्तुलात आत्ता जे आहे ते कायमच न तपासलेलं. आपण भरवसा ठेवतो तो त्याच्या भावंडांवर.

मग मी सहज विचारलं, ते पिस्तुलातलं पहिलं काडतूस किती दिवसांचं आहे? उत्तर ऐकून मी जेवायचा थांबलो. मुलं आहेत म्हणून हा बिचारा रोज सकाळी पिस्तूल रिकामं करून तिजोरीत ठेवतो आणि बायको शिफ्टला गेली की रात्री पुन्हा भरतो. दर वेळी तेच वरचं काडतूस. प्रत्येक वेळी ते चेंबरमध्ये धाडकन आपटतं, आणि असं वारंवार झालं की गोळी पुंगळीत थोडी थोडी मागे सरकते. आतली जागा कमी होते, झाडताना दाब वाढतो, कधी धोक्याइतका. म्हणजे त्याने तपासली ती २०० काडतुसं डब्यातून काढून एकदाच भरलेली, आणि ज्याच्यावर घराची भिस्त ते एकटंच महिनोन् महिने आपटलेलं! टेस्ट डेटा स्वच्छ, प्रॉडक्शन भलतंच.

तो काही बोलला नाही. रात्री फोटो आला. डायनिंग टेबलवर दोन काडतुसं शेजारी उभी केलेली, एक डब्यातलं नवं आणि एक ते. साध्या डोळ्यांना कळत होतं, दुसरं आखूड होतं.