वाघाच्या मुलखात झेब्र्याचे पुस्तक कशाला?

मेळघाटचे नाव वृत्तपत्रांत झळकते ते बहुधा कुपोषणाच्या बातमीत. पावसाळा आला की धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील बालमृत्यूंची चर्चा होते, पाऊस ओसरला की चर्चाही ओसरते. त्याच गावांतील मुलांची दुसरी उपासमार मात्र कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. हजेरीपटावर नाव आहे, पाठीवर दप्तर आहे आणि तरीही साधे वाक्य वाचता येत नाही, अशा मुलाची भूक कोणत्या तराजूत मोजायची?

या मुलाचा दोष काय? त्याच्या घरात कोरकू बोलली जाते. ती मराठीची बोली नव्हे. संथाळी, मुंडारी यांच्या कुळातील ती स्वतंत्र भाषा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ती बोलणारे सात लाखांहून अधिक आहेत. मध्य प्रदेशाची सीमा जवळ असल्याने धारणीच्या बाजारात हिंदी चालते. शाळेतील मराठी ही त्या चिमुरड्याची तिसरी भाषा! आणि तिची पहिली ओळख होते ती ‘अ अननसाचा’, ‘ष षटकोनाचा’ अशा तक्त्याने. ज्याने अननस पाहिला नाही आणि षटकोन ऐकला नाही, त्याच्यासाठी अक्षरही परके आणि चित्रही परके.

शहरी मध्यमवर्गाला यावर उपाय सापडला आहे, ‘फोनिक्स’. इंग्लंडमध्ये २००६ च्या रोझ अहवालाने ध्वनींवरून वाचन शिकवण्याचा पुरस्कार केला, आणि आता आपल्याकडेही त्याचे वर्ग भरतात, चकचकीत पुस्तके विकली जातात. घरातील मूल मोठे झाले की तीच सफरचंद-झेब्र्याची पुस्तके ‘दान’ म्हणून वनवासी क्षेत्राकडे रवाना होतात! इंग्रजीला त्या पद्धतीची गरज आहे, कारण तिची अक्षरे सव्वीस आणि ध्वनी चव्वेचाळीसच्या घरात. तिचे पहिलेच अक्षर ‘कॅट’, ‘केक’ आणि ‘कॉल’ या तीन शब्दांत तीन तऱ्हांनी उच्चारले जाते. देवनागरीत असा गोंधळ फारसा नाही. कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ या उच्चारस्थानांनुसार वर्णांची मांडणी शिक्षाग्रंथांनी आणि प्रातिशाख्यांनी केव्हाच करून ठेवली आहे.

परंतु केवळ अभिमानाने मूल वाचू लागत नाही. वर्णमालेचा क्रम शास्त्राच्या सोयीचा आहे, बालकाच्या नव्हे. ‘ङ’ने सुरू होणारा शब्द त्याला कोण दाखवणार? वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, ऐकू येते नंतर. बाराखडी धरली तर चारशेहून अधिक आकार होतात, जोडाक्षरे वेगळीच. म्हणून थोडक्यापासून आरंभ हवा. ग, म, न, र एवढी चारच अक्षरे घ्या. गगन, नगर, मगर, गरम, नमन तयार! एक काना दिला की राम, मामा, नाग, रान हेही येतात. पहिल्या आठवड्यात ‘मला वाचता आले’ हा आनंद देणारे पुस्तक हेच खरे पहिले पुस्तक.

यावर स्वकीयांकडूनच दोन आक्षेप येतात. पहिला असा की, ‘मगर’, ‘गरम’ वाचून संस्कार कोणता होणार? त्यापेक्षा थोरांची चरित्रे द्यावीत. हेतू वंदनीय आहे. पण ‘स्वातंत्र्य’ या शब्दातील जोडाक्षरांपाशीच जे मूल अडखळते, ते पुस्तक मिटून ठेवते आणि चरित्र कपाटातच राहते. शिवचरित्रापर्यंत जाणारी वाटही ‘मगर’, ‘गरम’वरूनच जाते.

दुसरा आक्षेप कोरकू शब्दांचा. प्रारंभीच्या पुस्तकांत ते घातले तर वेगळेपणाची भावना वाढेल, ही भीती निराधार आहे. कोरकूत पाण्याला ‘डा’ म्हणतात. हा शब्द देवनागरीत छापलेला पाहून मुलाला परकेपणा वाटेल की आपलेपणा? प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी कराव्यात, असे १९५६ पासून राज्यघटनेचे कलम ३५० अ सांगते. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरणही तेच म्हणते. जॉन ड्रेक या ख्रिस्ती मिशनऱ्याने १९०३ मध्ये कोरकूचे व्याकरण छापले. सातासमुद्रापलीकडचा माणूस ही भाषा शिकू शकतो, मग परतवाड्याहून घाट चढणाऱ्या कार्यकर्त्याला ती अवघड का वाटावी? वनवासी कल्याण आश्रम १९५२ मध्ये जशपूरला उभारणारे बाळासाहेब देशपांडे अमरावतीचेच सुपुत्र. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी रद्दीलाच सेवा मानू नये.

पुस्तक पाठवण्यापूर्वी ते पारखावे. अक्षर ठळक असावे, एका पानावर एक-दोन वाक्ये असावीत. तेच शब्द पुन्हा पुन्हा यावेत, मात्रा एकेक करून वाढाव्यात, जोडाक्षरे शेवटी यावीत. चित्रात रान, नदी, बैल, मोहाचे झाड दिसावे. मुलाला पान वाचायला द्यावे. चार-पाच ठिकाणी अडले तर पुस्तक बदलावे, मुलाला बोल लावू नये.

याच अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा भांडी विकून लेकरांना शिकवा म्हणत फिरले. धारणीसाठी भांडी विकण्याची गरज नाही. वाढदिवसाच्या एका मेजवानीचा खर्च वाचवला तरी एका वर्गाला पुरतील एवढी सोपी पुस्तके येतात.