दवाखान्यातील दुसरी प्रत

सोलापूर-धुळे महामार्गावरील चौसाळ्यासारख्या गावात दवाखान्याच्या टेबलावरील जाड नोंदवहीची जागा आता संगणक घेऊ लागला आहे. रुग्णाचे नाव, पूर्वीचे आजार, न मानवणारी औषधे, रक्तदाबाचे आकडे हे सारे क्षणात पडद्यावर येते. ही सोय स्वागतार्हच आहे. परंतु नोंदवही फाटली तर काही पाने जातात. संगणकातील चकती निकामी झाली तर दहा वर्षे एका क्षणात नाहीशी होतात. या फरकाची दखल मात्र अजून पुरेशी घेतली गेलेली नाही.

हा धोका केवळ लहानांचा नव्हे. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे तेथील नोंदणी कागद-पेनावर करावी लागली. त्या संस्थेची माहिती अखेर परत मिळाली, ती हल्ल्यातून बचावलेल्या एका राखीव सर्व्हरवरून. देशातील अग्रगण्य रुग्णालयाला जिने तारले, ती दुसरी प्रत. ती गावातील एकखोली दवाखान्यात असते काय, हा खरा प्रश्न आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास या अनास्थेचे कारण स्पष्ट होते. प्रत ठेवण्याचा खर्च डॉक्टर करतो. प्रत नसल्याची किंमत बव्हंशी रुग्ण मोजतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जातो आणि पाच-सहा महिन्यांनी परततो. त्याच्याजवळची चिठ्ठी तोवर फाटलेली वा हरवलेली असते. दवाखान्यातील नोंदही गेली असेल, तर तपासण्या पुन्हा करा, औषधाचे प्रमाण पुन्हा शोधा, आणि कोणते इंजेक्शन त्याला मानवले नव्हते हे आठवणीवर सोडा! ज्याची मजुरी बुडते त्याच्याच खिशातून हा भुर्दंड जातो. निर्णय एकाचा आणि तोटा दुसऱ्याचा अशी स्थिती असते, तेथे निष्काळजीपणा स्वस्त वाटतो.

कायद्याची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. वैद्यकीय व्यवसायाच्या 2002 च्या आचारनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे आणि मागणी झाल्यास 72 तासांत देणे बंधनकारक आहे. सोनोग्राफी केंद्रांना 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदी किमान दोन वर्षे ठेवाव्या लागतात. संगणकावर ठेवलेल्या नोंदीची छापील, स्वाक्षरीकृत प्रत जपावी, असेही त्या नियमांत आहे. 2011 च्या जनगणनेत ज्या बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे 807 मुली आढळल्या, तेथे या नोंदींचे मोल निराळे सांगावयास नको. ‘संगणक बिघडला’ हे उत्तर तेथे चालणार नाही, आणि चालू नये.

आयुष्मान भारत डिजिटल अभियान आले, आता सरकारच सारे सांभाळील, असाही एक समज आहे. तो चुकीचा आहे. या योजनेत रुग्णाच्या नोंदी एका मध्यवर्ती कोठारात जात नाहीत. ज्या दवाखान्यात त्या तयार होतात तेथेच राहतात आणि रुग्णाच्या संमतीने केवळ जोडल्या जातात. मूळ नोंदच नष्ट झाली, तर जोडणार काय?

उपाय मात्र अवघड नाही. एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, त्यांपैकी एक दवाखान्याच्या बाहेर, एवढा साधा नियम पुरेसा आहे. काही हजार रुपयांत मिळणारी बाह्य हार्ड डिस्क रोज सायंकाळी जोडावी आणि काम होताच काढून ठेवावी. सतत जोडलेली प्रत मूळ संगणकाबरोबरच हल्ल्याला बळी पडते. तिसरी प्रत घरी वा विश्वासार्ह क्लाउडवर असावी, कारण आग, पूर आणि चोरी एका छताखालच्या दोन प्रतींमध्ये भेद करीत नाहीत. या प्रतींना सांकेतिक कुलूप हवे. रुग्णाचे गुपित प्रतीबरोबर बाहेर जाता कामा नये. आणि महिन्यातून एकदा ती प्रत उघडून, एखाद्या रुग्णाची नोंद परत मिळते का, हे पाहावे. न तपासलेली प्रत म्हणजे न वटविलेला धनादेश होय.

हे काम एकेकट्या डॉक्टरवर सोडून भागणार नाही. तालुक्यातील वैद्यक संघटनांनी एक सामायिक तंत्रज्ञ नेमला, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च किरकोळ ठरेल. रुग्णांनीही आपल्या नोंदीची प्रत मागण्याची सवय लावून घ्यावी. गावचा व्यापारी रोजकीर्द लिहून थांबत नसे, खतावणीही ठेवीत असे. पैशाच्या हिशेबाला जी काळजी लागते, ती माणसाच्या प्रकृतीच्या हिशेबाला नको काय? तहान लागल्यावर विहीर खणण्याचे दुःख मराठवाड्याला कोणी शिकवावयास नको.