पानांच्या अर्काला पुराव्याची अट हवी

कडुलिंब, तुळस, शेवगा यांच्या पानांचे अर्क 'अँटिऑक्सिडंट', म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या मुक्त मूलकांना निष्प्रभ करणारे द्रव्य, म्हणून विकायचे असतील, तर त्यामागे माणसांवरील चाचण्यांचा पुरावा असलाच पाहिजे, ही या दैनिकाची भूमिका आहे.

या दाव्यांमागे बहुधा डीपीपीएच चाचणी असते. तीत जांभळ्या द्रावणात अर्क मिसळला की रंग ओसरून पिवळसर होतो आणि त्यावरून अर्काची क्षमता मोजली जाते. परंतु परीक्षानळीत ना पचन असते ना यकृत, आणि जंतुनाशासाठी व संदेशवहनासाठी मुक्त मूलकांसारखी क्रियाशील द्रव्ये पेशींनाही काही प्रमाणात लागतात.

फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्यांवरील, 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढला. मुंबईतील डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, पण वादाचा निकाल पुराव्यानेच लागायला हवा.

मधुमेह वा कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने मनाई आहे. अन्न व औषध प्रशासनाने दिंडोशीपासून मुलुंडपर्यंत विकल्या जाणाऱ्या अर्कांची तपासणी करावी, वेष्टनावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, मात्रा व धोके छापण्याची सक्ती करावी. अन्यथा परंपरेवरील विश्वासाची किंमत रुग्णांच्या यकृतालाच मोजावी लागेल.