यंत्र थांबले, तरी दवंडी थांबू नये

२४ जून २०१७ रोजी राज्य शासनाने दीड लाख रुपयांपर्यंतची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली आणि तिच्यासाठी ऑनलाइन अर्जाची अट घातली. त्यानंतर ‘आपले सरकार’ सेवा केंद्रांपुढे लागलेल्या रांगा यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. संकेतस्थळ कधी संथ होई, कधी पार बंद पडे. १५ सप्टेंबरची मुदत अखेर २२ सप्टेंबरपर्यंत वाढवावी लागली.

यंत्र बंद पडते, यात नवल नाही. लाखो माणसे एकाच वेळी एका दारावर लोटली, की दार अडणारच. तक्रार आहे ती यंत्र बंद पडल्यानंतरच्या मौनाची. संकेतस्थळ बंद आहे, ही सूचनाही त्याच संकेतस्थळावर द्यायची, हा प्रकार कुलूपबंद घराच्या आत पाटी लावण्यासारखा आहे.

या मौनाची किंमत कोण मोजतो? झरी-जामणी किंवा महागावच्या खेड्यातून तालुक्याला आलेला कापूस उत्पादक. जुलै ते सप्टेंबर हे निंदण-फवारणीचे दिवस. रिकाम्या हाती परतणारा शेतकरी एसटीचे भाडे, दिवसाची मजुरी आणि शेतातले खोळंबलेले काम असे तिहेरी नुकसान सोसतो. शासनाच्या हिशेबवहीत या खर्चाची नोंद कुठेच होत नाही. शिवाय अधिकृत माहिती जिथे थांबते, तिथे अफवा सुरू होते, आणि अफवेपाठोपाठ ‘काम करून देतो’ म्हणणारा मध्यस्थही येतो.

हा प्रश्न २०१७ बरोबर संपला नाही. २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ या मोबाइल ॲपवर नोंदणी आवश्यक झाली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता; पण नोंदणी हुकली, की हा आकडा कागदावरच राहतो. जिथे हक्काची वाट एकाच पडद्यातून जाते, तिथे तो पडदा काळा झाल्यावर कोणी, कोठे आणि काय सांगावे, हे आधीच ठरलेले असले पाहिजे.

त्यासाठी नव्या यंत्रणेची गरज नाही. २०२० साली महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेच्या लाभार्थींच्या याद्या गावोगावी फलकांवर लावण्यात आल्या, तेव्हा कागदाच्या यादीने आपले काम चोख केलेच. ग्रामपंचायतीचा फलक आहे, कोतवालाची दवंडी आहे, यवतमाळचे आकाशवाणी केंद्र आहे, खिशातल्या साध्या फोनवर येणारा लघुसंदेश आहे. यांपैकी एकही साधन बंद पडलेल्या संकेतस्थळावर अवलंबून नाही.

यावर अधिकारी म्हणतील, दुरुस्ती केव्हा होईल हे आम्हांलाच ठाऊक नसते, मग सांगावे काय? तेवढेच सांगावे. काय बंद आहे, पुढची खबर किती वाजता मिळेल, आणि वाया गेलेले दिवस मुदतीत वाढवून मिळतील, ही तीन वाक्ये पुरेशी आहेत. ‘उद्या सायंकाळपर्यंत येऊ नका’ एवढ्या निरोपाने शेकडो फेऱ्या वाचतील. तिसरे वाक्य तर उपकाराचे नव्हे, न्यायाचे आहे. दोष यंत्राचा असताना उशीर नागरिकाच्या माथी मारता येत नाही. मुदतवाढ शेवटच्या दिवशी कृपा म्हणून जाहीर होण्याऐवजी नियम म्हणून आपोआप लागू व्हावी.

महाराष्ट्राने २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम करून सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा अधिकार मान्य केला. सेवा का खोळंबली हे वेळेवर कळणे, हा त्या अधिकाराचाच भाग मानला पाहिजे. रांगेतला माणूस विलंब सहन करतो. आपल्याला कोणी विचारातच घेत नाही, ही जाणीव मात्र त्याला सहन होत नाही. संकेतस्थळ दुरुस्त करायला तंत्रज्ञ लागतात. लोकांना खरे सांगायला केवळ इच्छा लागते.