कोबोलला क्लासची हौस

मंडळी, कोबोलला 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' करायचा घाट २००२ च्या स्टँडर्डने घातला. क्लास-आयडी, मेथड-आयडी, इन्व्होक... सगळा सरंजाम आला. मी म्हणतो, कशाला?

१९५९ साली ही भाषा आकाराला आली ती हिशेबासाठी. फाइल उघडायची, एकेक रेकॉर्ड वाचायचं, व्याज लावायचं, पुढच्या फाइलीत लिहायचं. रक्कम दशमानात, पैशापर्यंत चोख! पिक्चर क्लॉज वाचला की किती आकडे मावणार ते डोळ्यांना दिसतं. तिथे इनहेरिटन्स हवाय कुणाला? "कोड पुन्हा वापरता येतो" म्हणे. अहो, मग कॉपीबुक आणि कॉल इतकी वर्षं काय करत होते?

जावाशी बोलायला क्लास कामी येतात, हे मान्य. पण रात्रीची बॅच दोन वाजता अडकली की झोपेतून उठवतात मेन्टेनन्सवाल्याला. त्याला डेटा डिव्हिजन पाहून चूक सापडायला हवी. ती कुठल्या आजोबा-क्लासात दडलीय हे त्याने त्या वेळी हुडकत बसायचं का?

नव्या पोरांना ही भाषा आपली वाटावी म्हणून हे सगळं, असंही ऐकवतात. ज्यांना क्लास लिहायचे असतात ती पोरं सरळ जावा लिहितात की! :)