पहिला बार खांद्यावरून नको

ठासणीच्या बंदुकीचा पहिला बार खांद्याला लावूनच उडवायचा, नाहीतर तो गडी कसला, ही आमच्या पोलादपूरकडची समजूत मला कधीच पटली नाही. रानडुकरं एका रात्रीत नाचणीचं शेत लोळवतात, त्यांना हुसकायला बंदूक हवी, हे मान्य. 1959 च्या शस्त्र कायद्यानंही पीक राखायच्या परवान्याला मुळात ठासणीचीच बंदूक नेमून दिलीय. म्हणजे प्रत्येक बार शेतकऱ्यानं आपल्या हातानं भरायचा. तो तपासायचा कसा, हे कोण शिकवतं? परवान्याच्या कागदावर सही-शिक्का मिळतो, अक्कल नाही.

आमचे आबा शिकवायचे. नवी दारू आणली की बंदूक आंब्याच्या बुंध्याला करकचून बांधायची, समोर मातीचा उंच बांध, चापाला लांब दोरी, आणि आपण मागं दुसऱ्या झाडाआड. पोरं हसायची. "आबा, बंदूक हाय का रेडा?" आबा गप्प. गजावर त्यांनी दोन खुणा केल्या होत्या, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या बाराची. ठासण्याआधी गज आत सोडून बघायचे. बारावर बार ठासला तर नळी फुटायला वेळ लागत नाही. केप वाजूनही बार उडाला नाही, तर तोंड बांधाकडेच ठेवायचं आणि सावकाश शंभर मोजायचे.

त्या हसणाऱ्यांतल्याच एकानं अंधारात माळ्यावर बार ठासला, आधीचा विसरून. डाव्या हाताची तीन बोटं महाडला नेऊन काढावी लागली. अजून म्हणतो, "नशीबच फुटकं माझं."

नशीब कसलं? गज हातातच होता की!